डोळा सुधारला, पण रिपोर्टमधल्या ‘डिमायलिनेशन’चं काय?

पत्र:

“मी ३१ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी उजवा डोळा हलवला की आतून दुखायला लागलं आणि चार दिवसांत त्या डोळ्यानं धुरकट दिसू लागलं, रंग फिके झाले. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, मग गोळ्या कमी करत बंद केल्या. आता जवळजवळ पहिल्यासारखं दिसतं. फक्त कढत पाण्यानं अंघोळ केली की पंधरा-वीस मिनिटं पुन्हा धूसर होतं, आणि मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये पाच पांढरे ठिपके आहेत, त्यातला एक कॉन्ट्रास्ट घेतो. खाली ‘डिमायलिनेशनची शक्यता’ असं लिहिलंय. डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं आणि दोन अँटिबॉडी तपासायच्या म्हणतात, नंतर कायमचं औषध. सासूबाई म्हणतात, डोळा बरा झालाय, पाठीत सुई टोचली तर पाय जातात. आत्या म्हणते बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घे. मामेभावाला जीबीएस झाला होता, तो चार महिन्यांत ठणठणीत झाला, आता औषध नाही काही नाही. मीही थांबून पाहिलं तर चालेल का? पुन्हा धुरकट झालंच तर उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घरात आहेत. आम्हाला मूलही हवं आहे. — एक वाचक”

उत्तर:

थांबू नका. पण ‘आपल्याला अमुक आजार झाला’ असं मनाशी पक्कंही करू नका. डिमायलिनेशन हे आजाराचं नाव नाही. कावीळ म्हटल्यावर डोळे पिवळे झालेत एवढं कळतं. कारण विषाणू आहे की पित्ताचा खडा, हे शोधावं लागतं आणि दोन्हींचे उपचार वेगळे. तसंच इथे. मायलिनला इजा झाली आहे एवढंच तुमचा रिपोर्ट म्हणतो, तेही ‘शक्यता’ म्हणून. इजा कोण करतंय, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या तपासण्या त्या एकाच प्रश्नासाठी आहेत. डोळा बरा असतानाचे हे आठवडे त्यासाठी सगळ्यात चांगले. दुसरा झटका आल्यावर हेच सगळं घाईत आणि घाबरलेल्या अवस्थेत करावं लागतं.

आधी ते मायलिन काय आहे ते पाहू, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या रचनेतच आहेत. वायरीवरचं प्लास्टिक ही उपमा सगळीकडे वाचायला मिळते, पण ती अर्धीच खरी. वायरीवरचं प्लास्टिक सलग असतं आणि निर्जीव असतं. मायलिन म्हणजे एका जिवंत पेशीनं आपलाच पातळ पापुद्रा मज्जातंतूच्या धाग्याभोवती वेढ्यावर वेढे देत सुरळीसारखा गुंडाळलेला असतो, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. दोन तुकड्यांच्या मध्ये साधारण एक मायक्रॉनची उघडी जागा राहते. हिला रॅन्व्हिएची गाठ म्हणतात, पण प्रत्यक्षात ती गाठ नाही, फट आहे. विजेचा संदेश पुढे ढकलणाऱ्या सोडियमच्या वाहिन्या या फटींमध्ये दाटीवाटीनं बसवलेल्या असतात, म्हणून संदेश सरपटत जात नाही, एका फटीतून पुढच्या फटीत उडी मारतो. जाड मायलिन असलेल्या तंतूत तो सेकंदाला ७० ते १२० मीटर वेगानं धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम अर्धा ते दोन मीटर. मायलिनच्या कोरड्या वजनात सत्तर ते ऐंशी टक्के स्निग्ध पदार्थ असतात, म्हणून मेंदूचा तो भाग पांढरा दिसतो. (हे वाचून कुणी ‘मग जास्त स्निग्ध खा’ असं सांगितलं तर दुर्लक्ष करा. मेंदूला लागणारं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो, जेवणातलं तिथवर पोचत नाही.)

गुंडाळण्याचं हे काम दोन वेगळ्या जातीच्या पेशी करतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात ऑलिगोडेंड्रोसाइट. एकेक पेशी आपले हात पसरून चाळीस-पन्नास तुकडेसुद्धा सांभाळते. बाहेर, म्हणजे हातापायांकडे जाणाऱ्या नसांमध्ये, श्वान पेशी. ती एकाच तुकड्याभोवती स्वतःला गुंडाळून घेते. डोळ्याची नस दिसायला बाहेरची वाटते, पण ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे आणि तिचं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइटचं आहे.

मामेभावाशी तुलना इथेच कोसळते. जीबीएसमध्ये, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोममध्ये, हल्ला बाहेरच्या नसांवर होतो, बहुतेकदा जुलाब किंवा सर्दी-तापाच्या एखाद्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी. दोन्ही पायांतली ताकद खालून वर जाते, हातोडीनं गुडघ्यावर मारल्यावर पाय उडत नाही, आणि चार आठवड्यांच्या आत आजार आपल्या टोकाला पोचून तिथून उतरतो. श्वान पेशी पुन्हा मायलिन गुंडाळण्यात पटाईत असतात. आजार सहसा एकदाच येतो, म्हणून त्याला आज औषध नाही. ‘औषध नाही काही नाही’ हेही तसं अर्धवट आहे. सुरुवातीला त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, दिलं असेल, नेहमीचा हिशेब वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस, किंवा प्लाझ्मा बदलला असेल. गंमत म्हणजे तुम्हाला दिलेलं स्टेरॉइड जीबीएसमध्ये कामच करत नाही. बाहेरून सारखे दिसणारे आजार आतून किती वेगळे असतात ते यावरून लक्षात येईल. तुमचा त्रास मेंदूच्या बाजूचा आहे, आणि तिथले बरेच आजार पुन्हा पुन्हा येतात.

मग डोळा सुधारला कसा? तीन गोष्टी झाल्या. सूज ओसरली, स्टेरॉइडनं ती लवकर ओसरवली. उघड्या पडलेल्या धाग्यावर सोडियमच्या वाहिन्या पसरल्या, म्हणजे उडी मारता येत नसली तरी संदेश चालत जाऊ लागला. आणि थोडं मायलिन नव्यानं चढलं. हे नवं मायलिन जुन्यापेक्षा पातळ आणि तुकडे आखूड असतात. म्हणून अक्षरं वाचता येतात, पण संदेश उशिरा पोचतो. व्हीईपी नावाची तपासणी हा उशीर मोजते: पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकड्या उलटसुलट होत राहतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला लावलेल्या तारा मेंदूचा प्रतिसाद टिपतात. निरोगी डोळ्यात तो साधारण १०० मिलिसेकंदांनी येतो. सूज येऊन गेलेल्या डोळ्यात नजर चांगली झाल्यावरही तो बऱ्याचदा मागे पडलेला राहतो.

घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. गडद लाल रंगाचं बाटलीचं टोपण खिडकीच्या उजेडात धरा. डावा डोळा झाकून उजव्यानं पाहा, मग उलट. चांगल्या डोळ्याला दिसतो तो लाल १०० धरला तर दुसऱ्याला किती दिसतो? ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज, होऊन गेलेल्या डोळ्याला तेच टोपण विटकरी किंवा धुवून फिकं पडल्यासारखं दिसतं. तुम्हाला आज ७० वाटलं तर घाबरू नका, तो जुना व्रण आहे. पण पुढे दोन-तीन दिवसांत ७० चे ३० झाले तर ती खबर आहे.

गरम पाण्याचं गणितही याच उघड्या धाग्यात आहे. शरीराचं तापमान वाढलं की सोडियमच्या वाहिन्या उघडून लवकर मिटतात. धडधाकट तंतूला त्यानं फरक पडत नाही, त्याच्याकडे भरपूर शिल्लक असते. मायलिन गेलेला तंतू काठावर चालत असतो. अर्ध्या अंशाची वाढसुद्धा त्याला पुरते आणि संदेश मध्येच विझतो. अंग थंड झालं की पुन्हा सुरू. याला ऊटहॉफ म्हणतात, १८९० मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरून. नवीन इजा यात होत नाही, हे घरातल्या सगळ्यांना नीट सांगा. एमआरआय नव्हते तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदानाला आधार शोधत असत! तुम्ही कोमट पाणी वापरा आणि बाथरूमचं दार आतून कडी न लावता नुसतं लोटून ठेवा, कारण धूसर नजरेत ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका खरा आहे. व्यायाम मात्र बंद करू नका. पंख्यासमोर करा, मानेवर ओला पंचा ठेवा, दोन टप्प्यांत करा. ताप आला तर तो उतरवणं महत्त्वाचं, कारण तापात जुनी लक्षणं हमखास डोकं वर काढतात.

आता ठिपके. एमआरआयवर पांढरे ठिपके दिसणं ही फार सामान्य गोष्ट आहे: अर्धशिशीत दिसतात, रक्तदाबात दिसतात, वयानंही दिसतात. संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना चिकटून, सालीला लागून, मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत, या चार जागांपैकी किमान दोन ठिकाणी ठिपका असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, याचा विचार पुढे सरकतो. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर पुन्हा पुन्हा हल्ला करते. एमएसच्या निदानाच्या या नियमांना मॅक्डॉनल्ड निकष म्हणतात; त्यांच्या २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा धरली गेली आहे. दुसरी अट काळाची: इजा वेगवेगळ्या वेळी झालेली हवी; २०२४ च्या सुधारणेत ही अट प्रत्येक वेळी सक्तीची राहिलेली नाही. कॉन्ट्रास्ट, म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेलं द्रव्य, घेणारा ठिपका ताजा असतो, साधारण काही आठवड्यांतला. न घेणारा जुना. तुमच्या एकाच एमआरआयमध्ये दोन्ही आहेत, आणि ही गोष्ट वजनदार आहे. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर थांबू नका, मधला परिच्छेद डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा: ‘हे पाच ठिपके नेमके कुठे आहेत?’ रिपोर्टचा कागद पुरत नाही, चित्रांची सीडी किंवा लिंक सोबत हवी.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मान वाकवल्यावर पाठीतून करंट जाणं. याला लेर्मिटचं चिन्ह म्हणतात. मान वाकली की मानेतला मज्जारज्जू ताणला जातो, आणि तिथे मायलिन गेलेला पट्टा असेल तर ताणानंच तंतू पेटतात. म्हणजे मानेत काहीतरी असण्याची शक्यता आहे, आणि तुमचा एमआरआय फक्त मेंदूचा झालाय. मान आणि छातीच्या मणक्यांचा, कॉन्ट्रास्टसह, एमआरआय मागून घ्या. तिथला डाग आखूड, एक-दोन मणक्यांच्या उंचीचा निघाला तर चित्र एमएसकडे झुकतं. तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब निघाला तर दुसऱ्याच आजाराचा संशय येतो.

तो दुसरा आजार म्हणजे एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), आणि त्याच्या शेजारचा एमओजी. अँटिबॉडीच्या दोन तपासण्या याच दोघांसाठी आहेत. एनएमओला कित्येक दशकं एमएसचाच एक प्रकार समजत. २००४ मध्ये त्याची अँटिबॉडी सापडली आणि कळलं की तिथे हल्ला मुळात मायलिनवर नसतोच. तो शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींवरच्या अक्वापोरिन-४ या पाण्याच्या दारावर असतो आणि मायलिन त्या भांडणात मधल्यामध्ये मरतं. एमओजी हे मायलिनच्या सगळ्यात बाहेरच्या थरावरचं प्रथिन; त्याच्यावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीचा आजारही त्याच नावानं ओळखतात. हा भेद अभ्यासकांच्या हौसेचा नाही. बीटा इंटरफेरॉन, नटालिझुमॅब, फिंगोलिमॉड ही एमएसची चांगली औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. म्हणून नाव आधी, औषध नंतर.

तुमचं वर्णन, एकच डोळा, मध्यम त्रास, चांगली सुधारणा, विखुरलेले ठिपके, एमएसच्या बाजूचं आहे, आणि अशा नमुनेदार चित्रात काही डॉक्टर या अँटिबॉडी मागवतही नाहीत. माझं मत, अक्वापोरिनची जरूर करा. एकदा रक्त देण्याचा प्रश्न आहे आणि चुकीच्या औषधाची किंमत फार मोठी. एमओजीच्या बाबतीत सावध राहा, कारण तिचा ‘पुसटसा पॉझिटिव्ह’ निकाल खोटाही निघतो. दोन्ही तपासण्या ‘सेल-बेस्ड’, म्हणजे पेशी वापरून करायच्या, पद्धतीनं होतात का ते प्रयोगशाळेला विचारा. तुम्ही नुकतंच स्टेरॉइड घेतलंय, त्यानं अँटिबॉडीचं प्रमाण उतरू शकतं. निकाल निगेटिव्ह आला आणि मानेचा डाग लांब निघाला, तर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागेल. मधल्या काळात सलग दोन-तीन दिवस न थांबणारी उचकी आणि उलट्या झाल्या तर ते पोटाचं समजून सोडू नका. मेंदूच्या देठातलं उलटीचं केंद्र ही एनएमओची आवडती जागा आहे.

पाठीतल्या पाण्याबद्दल सासूबाईंना असं सांगा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून, म्हणजे जिथे मज्जारज्जू नाहीच. तिथे पाण्यात नसांची मुळं सुट्या दोऱ्यांसारखी तरंगत असतात आणि सुई आली की बाजूला सरकतात. त्यामुळे पाय जाण्याची भीती सोडा. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी बाहेर. कातडी बधिर करणारं इंजेक्शन चरचरतं, नंतरचा दाब जाणवतो. मध्येच एका पायात झटकन कळ गेली तर हलू नका, तोंडानं सांगा ‘उजव्या पायात गेली’, डॉक्टर सुईची दिशा बदलतात. दहा-बारा मिलिलिटर पाणी काढतात. शरीरात ते एकूण साधारण १५० मिलिलिटर असतं आणि रोज ५०० मिलिलिटरच्या आसपास नवं तयार होतं, म्हणजे काढलेलं तासाभरात भरून येतं.

खरा त्रास होऊ शकतो तो नंतरच्या डोकेदुखीचा: उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं. सुईनं पडलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहिल्यामुळे ती होते. बोथट टोकाची बारीक सुई, जिला ‘अट्रॉमॅटिक’ म्हणतात, वापरली तर प्रमाण बरंच घटतं. ती आहे का, हे आधी फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. दिवसभर सक्तीनं पडून राहिल्यानं ही डोकेदुखी टळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि त्याच वेळी हातातलं रक्तही घेतलं जातंय ना ते पाहा. एमएसमध्ये शोधायच्या असतात त्या ‘ऑलिगोक्लोनल बँड’, म्हणजे तपासणीत दिसणाऱ्या अँटिबॉडींच्या पट्ट्या, आणि त्या पाण्यात आहेत पण रक्तात नाहीत असं दाखवल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. जोडीचं रक्त पाठवायचं राहिलं तर सुई फुकट गेली. एमएसच्या बहुसंख्य रुग्णांत या बँड सापडतात. पाण्यात पांढऱ्या पेशी ५० च्या वर निघाल्या तर मात्र एमएस सोडून दुसरीकडे पाहावं लागतं.

आत्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की मायलिन खरंच बिघडतं, आणि मानेतून करंट जाण्याचं चिन्ह त्यातही दिसतं. पण चेहरामोहरा वेगळा असतो. दोन्ही पावलांना सारख्याच मुंग्या, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं, आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जाणं. डोळे बिघडलेच तर दोन्ही एकदम, हळूहळू, न दुखता. एकच डोळा, चार दिवसांत, दुखून, हे बी-ट्वेल्व्हचं काम नव्हे. तरी तपासा. फक्त क्रम चुकवू नका: आधी रक्त, मग इंजेक्शन. आधी टोचून घेतलंत तर पातळी छान दिसेल आणि खरं कधीच कळणार नाही. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी. २०० ते ३०० च्या मध्ये रेंगाळत असेल तर मिथाइलमलोनिक ॲसिड (बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासायला सांगा. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, आणि प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांत हे कमी सापडतं. नुसत्या फॉलिक ॲसिडवर भागवू नका: रक्त सुधारतं आणि मज्जारज्जू आतून बिघडत राहतो. मूल हवं म्हणून तुम्ही फॉलिक ॲसिड सुरू करालच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं तर जरूर भरून काढा, पण त्या पाच ठिपक्यांचा हिशेब त्यानं लागत नाही.

घरात उरलेल्या गोळ्या परत करा किंवा टाकून द्या. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ऑप्टिक न्यूरायटिसच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. शिरेतून रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस दिल्यावर नजर लवकर आली, शेवटची नजर मात्र न घेणाऱ्यांइतकीच निघाली. आणि नेहमीच्या डोसच्या नुसत्या प्रेडनिसोन गोळ्या घेतलेल्यांत तोच त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण उलट वाढलं. म्हणजे घरच्या दहा-वीस गोळ्या हा सगळ्यात वाईट पर्याय.

झटका कशाला म्हणायचं तेही ठरवून ठेवा. नवं लक्षण, किंवा जुनं लक्षण ठळकपणे वाढलेलं, सलग २४ तासांहून अधिक, आणि अंगात ताप किंवा संसर्ग नसताना. अंघोळीनंतरची वीस मिनिटं यात बसत नाहीत. पाय जड वाटायला लागले तर आधी लघवी तपासून घ्या; लघवीतला जंतुसंसर्ग हा खोट्या झटक्याचा नेहमीचा आरोपी. पण पायातली ताकद तासागणिक कमी होत असेल, लघवी अडली असेल, दोन्ही डोळे गेले असतील किंवा श्वास अपुरा पडत असेल तर व्याख्या तपासत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय.

आता थांबून पाहण्याबद्दल. त्याच चाचणीतल्या रुग्णांना १५ वर्षं पाहिलं गेलं. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये एकही ठिपका नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना पुढे एमएस झाला. एक किंवा अधिक ठिपके असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. हे आकडे आजची औषधं यायच्या बरेच आधी सुरू झालेल्या अभ्यासाचे आहेत, तुमचं भविष्य नव्हे. पण तुम्ही कोणत्या गटात आहात ते उघड आहे. शिवाय दोन झटक्यांच्या मधला काळ शांत असतो असं नाही. एमआरआयवर नवे ठिपके येतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. मायलिन वारंवार गेलं की आतला धागाच मरतो. मायलिन परत चढतं, धागा परत उगवत नाही. औषधाचं काम ही मरण्याची वेळ येऊ न देणं. झालेली इजा ते दुरुस्त करत नाही, त्यामुळे ‘औषध घेतलं तरी डोळा तसाच’ ही तक्रार औषधावर अन्याय करणारी आहे.

एमएसचं पहिलं असं औषध १९९३ मध्ये आलं, आज इंजेक्शनं, गोळ्या आणि सहा महिन्यांनी सलाइनमधून द्यायची औषधं असा मोठा संच आहे. कोणतं, हे निदान पक्कं झाल्यावर ठरेल. त्याआधी काही गोष्टी उरकून घ्या: हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी, नटालिझुमॅबचा विचार असेल तर जेसी विषाणूची अँटिबॉडीही. लसी राहिल्या असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होण्याआधी, जिवंत लसी किमान चार आठवडे आधी. धूम्रपान करत असाल तर सोडा, आजार त्यानं वेगानं पुढे जातो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून घ्या. अवाच्या सवा डोस घेऊन कॅल्शियम वाढवून ठेवू नका.

मुलाचा विषय डॉक्टरांकडे शेवटी नाही, पहिल्याच भेटीत काढा. औषधाची निवडच त्यावर फिरते. टेरिफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाही आणि शरीरातून आपोआप जायला दोन वर्षंही लागू शकतात, ते मुद्दाम धुवून काढावं लागतं. क्लॅड्रिबिननंतर सहा महिने थांबावं लागतं, फिंगोलिमॉडनंतर दोन, आणि ते अचानक सोडलं तर आजार उसळतो. अशीही औषधं आहेत की ज्यांच्याभोवती गर्भधारणेची आखणी नीट बसते. एमएसमध्ये गरोदरपण स्वतः वाईट नाही. शेवटच्या तीन महिन्यांत झटके चांगलेच घटतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, तेव्हा खरी आखणी त्या तीन महिन्यांची. बाळाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन. निदान एनएमओ निघालं तर हा सगळा परिच्छेद बाजूला ठेवा, तिथले हिशेब वेगळे आहेत.

रिपोर्टमधला शब्द शोधत गेलात की ‘स्टेम सेलनं मायलिन पुन्हा बसवतो’ म्हणणाऱ्या जाहिराती भेटतील. स्वतःच्या रक्तपेशींचं प्रत्यारोपण हा निवडक रुग्णांसाठीचा खरा उपचार आहे, पण त्यात आधी केमोथेरपी देऊन प्रतिकारयंत्रणा पुसून काढतात, आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. दुपारी टोचून संध्याकाळी घरी, असं कुणी म्हणत असेल तर ते हे नव्हे. मायलिन पुन्हा चढवणारं मान्यताप्राप्त औषध आज एकही नाही.

पुढच्या भेटीला जाताना एक फाइल करा: पहिल्या दुखण्याची तारीख, स्टेरॉइडच्या तारखा आणि डोस, चित्रांची सीडी, अँटिबॉडीसाठी रक्त दिलं तो दिवस. औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायला सांगतील, तो टाळू नका. पुढच्या सगळ्या तुलना त्याच्याशी होतात, कारण औषधाचा परिणाम दिसायच्या आधीचे नवे ठिपके त्यात मोजून बाजूला काढता येतात. शक्यतो त्याच यंत्रावर करा. आणि फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहा: आजची तारीख, लाल टोपण, उजवा डोळा, शंभरातले किती.